भागीदारीत काही ठरवले नसेल, तर कायदा काय ठरवतो?

पॉलिहाऊस, रोपवाटिका, अळिंबी उत्पादन, भाजीपाल्याची प्रतवारी व पॅकिंग असे उद्योग एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यात क्वचितच असतात. जमीन एकाकडे असते, पैसा दुसऱ्याकडे असतो आणि राबण्याची तयारी व माहिती तिसऱ्याकडे. पुणे शहराच्या आसपास हवेली, मुळशी, मावळ या तालुक्यांत तर ही विभागणी पदोपदी आढळते. शहरातील नोकरदाराजवळ शिल्लक पैसा असतो, गावाकडील मित्राजवळ पाण्याखालची दहा-वीस गुंठे जमीन असते आणि कृषी पदविका घेतलेला एखादा तरुण दोघांना जोडतो. चहाच्या कपावर बोलणे होते, नारळ फुटतो आणि काम सुरू होते. कागद मात्र होत नाही. ‘आपल्यात कागद कशाला?’ असे म्हटले जाते.

शेतकरी मेळाव्यात खतांच्या मात्रा व कीडनियंत्रणाचे प्रश्न विचारून झाले व मंडळी उठू लागली की, एखादा शेतकरी बाजूला घेऊन हळूच विचारतो, “सर, भागीदाराशी पटत नाही. लिहून तर काहीच ठेवलेले नाही. आता काय?” या प्रश्नाचे उत्तर कृषिविद्येच्या पुस्तकात नाही. म्हणून प्रस्तुत लेखकाला भागीदारीचा कायदा वाचावा लागला. वाचल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, लिहून ठेवले नाही म्हणजे काहीच ठरलेले नाही, हा समज चुकीचा आहे. आपण जे ठरवत नाही ते कायद्याने आधीच ठरवून ठेवले आहे, आणि ते बहुतेकांच्या मनात असते त्यापेक्षा बरेच वेगळे असते.

भागीदारी केव्हा झाली असे समजावे?

भारतात भारतीय भागीदारी कायदा, १९३२ लागू आहे. त्यापूर्वी हेच नियम १८७२ च्या करार कायद्यात एका प्रकरणात होते. या कायद्यानुसार, सर्वांनी मिळून किंवा सर्वांच्या वतीने एखाद्याने चालविलेल्या धंद्याचा नफा वाटून घेण्याचे ज्यांनी मान्य केले, त्यांच्यातील नात्याला भागीदारी म्हणतात. यासाठी लेखी करार आवश्यक नाही. तोंडी बोलणे पुरते. ‘धंदा’ या शब्दात कायद्याने व्यापार व व्यवसायाबरोबर उपजीविकेचे कामही धरले आहे, त्यामुळे फुले पिकवून विकणे त्यात बसते.

मात्र प्रत्येक सामाईक गोष्ट भागीदारी नसते. चार भावांची विहीर सामाईक आहे व पाण्याच्या पाळ्या लागलेल्या आहेत, ही भागीदारी नव्हे. सामाईक जमिनीचे उत्पन्न वाटून घेतले, एवढ्यावरून कोणी भागीदार ठरत नाही. एकत्र हिंदू कुटुंबाचा धंदाही यात येत नाही, कारण तेथील हक्क जन्माने येतो, कराराने नाही. दोघा शेजाऱ्यांनी मिळून ट्रॅक्टर घेतला व आपापली शेते नांगरली, तर तो सामाईक मालकीचा ट्रॅक्टर झाला. तोच ट्रॅक्टर गावात भाड्याने फिरवू लागले, डिझेल व ड्रायव्हरचा पगार वजा करून उरलेले दोघे वाटून घेऊ लागले, की तेथे भागीदारी उभी राहिली. त्यांनी तो शब्द कधी उच्चारला नसला तरीही. वाटणी झालेले दोन भाऊ नव्याने रोपवाटिका काढतात तेव्हाही हेच होते. (वाट्याने किंवा बटईने जमीन कसण्यास देणे हा मात्र वेगळा विषय आहे. तेथे कुळकायद्याचे प्रश्न येतात. त्याची या लेखाशी गल्लत करू नये.)

तिघांचे जरबेरा

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तिघांनी दहा गुंठ्यांवर जरबेराचे पॉलिहाऊस उभारले. जमीनवाल्याने जागा व पाणी दिले. पैसेवाल्याने १२ लाख रुपये घातले. तिसरा राबणारा. त्याने पैसा घातला नाही, पण लागवडीपासून पुण्याच्या मार्केट यार्डात फुले पोहोचवण्यापर्यंत सगळे काम त्याच्याकडे. बोलणे एवढेच झाले की, ‘नफा झाला की बघू.’

नफा झाला तर काय? कायदा म्हणतो, वेगळे ठरले नसेल तर नफा सर्वांना सारखा, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. पैसेवाल्याची समजूत असते की, पैसा माझा म्हणून निम्मा माझा. राबणाऱ्याची समजूत असते की, आधी माझा पगार निघेल व मग उरलेले वाटायचे. दोन्ही समजुतींना कायद्यात आधार नाही. काम केल्याबद्दल भागीदाराला पगार मिळत नाही, तसे ठरले असेल तरच मिळतो. भांडवलावर व्याजही मिळत नाही. ते ठरले असले तरी फक्त नफ्यातून द्यायचे असते. नफा नाही तर व्याज नाही.

येथे एक बारकावा आहे. पैसेवाल्याने ठरलेल्या भांडवलाखेरीज, म्हणजे १२ लाखांच्या वर, रोपे कमी पडली म्हणून आणखी २ लाख घातले, तर ती रक्कम उसनी समजली जाते व तिच्यावर दरसाल दरशेकडा ६ प्रमाणे व्याज मिळते, वर्षाला १२ हजार. हा दर १९३२ पासून कायद्यात आहे तसाच आहे. ज्या इंग्लंडच्या १८९० च्या कायद्यावरून आपल्या कायद्याची बरीच घडण झाली, त्यात तो ५ टक्के आहे. आपल्याकडे एक टक्का अधिक दिला एवढेच. शेतकऱ्याने स्वतः खासगी कर्ज काढून फर्मला पैसे पुरवले असतील, तर त्याला भरावे लागणारे व्याज व मिळणारे व्याज यांतील फरक त्याच्याच अंगावर पडतो.

आता तोट्याकडे वळू. मे महिन्यात वादळी पाऊस झाला, पॉलिहाऊसचा कागद फाटला, सांगाडा वाकला, झाडे कुजली. धंदा बंद करायचे ठरले. जे उरले ते विकून, बाहेरची देणी भागवून हाती ३ लाख रुपये राहिले. भांडवल १२ लाखांचे होते. म्हणजे ९ लाखांचा तोटा. पैसेवाला हळहळेल व उरलेले ३ लाख घेऊन घरी जाईल, असे बहुतेकांना वाटते. कायदा तसे म्हणत नाही. भांडवलातील तूट हाही तोटाच, आणि तोटा नफ्याच्याच प्रमाणात सोसायचा. नफा सारखा म्हणून तोटाही सारखा. प्रत्येकाच्या वाट्याला ३ लाख. म्हणजे जमीनवाल्याने ३ लाख व राबणाऱ्याने ३ लाख खिशातून आणून द्यायचे आणि पैसेवाल्याने एकूण ९ लाख उचलायचे.

ज्याने दोन वर्षे बिनपगारी घाम गाळला, त्याच्यावर वर ३ लाखांचे देणे! त्याचे श्रम हिशेबाच्या वहीत कोठेच लिहिलेले नसतात, कारण त्यांची किंमत कोणी ठरवलेली नसते. प्रस्तुत लेखकाच्या मते, न लिहिलेल्या भागीदारीत सर्वांत जास्त मार बसतो तो या तिसऱ्या माणसाला, आणि करारपत्राचा आग्रह धरायला सर्वांत जास्त संकोचतो तोही तोच.

कायद्याने असा नियम का केला असावा? न्यायालयाला तिघांच्या मनातले कळत नाही. जमिनीची किंमत किती, श्रमाची किती, हे तराजूत घालून पाहण्याचे साधन त्याच्याकडे नसते. म्हणून समान वाटणी हा सर्वांत साधा मार्ग. सारखे पैसे घालून व सारखे बसून दुकान चालवणाऱ्या दोघा व्यापाऱ्यांना तो बरोबर लागू पडतो. शेतीपूरक उद्योगात तिघे तीन वेगळ्या गोष्टी घालतात, तेथे तो अंगाला बसत नाही. मात्र कायद्याने हे नियम सक्तीचे केलेले नाहीत. परस्पर संमतीने ते बदलता येतात, आणि ती संमती वागण्यावरूनही सिद्ध होऊ शकते. राबणाऱ्याला दरमहा ठरावीक रक्कम दिली जात होती व वहीत ‘पगार’ म्हणून तिघांसमोर ती लिहिली जात होती, तर तो पुरावा त्याच्या उपयोगी पडतो. साधी रोजकीर्द ठेवली तरी एवढा फायदा होतो.

उधारी एकाची, देणेकरी सगळे

आपसातील हिशेब एकवेळ समजुतीने मिटतो. बाहेरच्याचे तसे नसते. प्रत्येक भागीदार हा धंद्याच्या नेहमीच्या कामात फर्मचा, म्हणजे पर्यायाने इतर सर्वांचा प्रतिनिधी असतो. राबणाऱ्याने कृषी सेवा केंद्रातून धंद्यासाठी विद्राव्य खते उधारीवर आणली, तर ती उधारी तिघांची. दुकानदार तिघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. ज्याची जमीन समोर दिसते त्याच्याकडे तो आधी जाणार हे उघड आहे. ‘पाच हजारांच्या वर कोणी उधार आणायचे नाही’ असे तिघांत ठरलेले असले तरी दुकानदाराला ते माहीत नसेल तर त्याच्यावर बंधनकारक नाही. भरपाई आपसात मागत बसावे लागते.

काही गोष्टी मात्र एकटा भागीदार इतरांच्या वतीने करू शकत नाही. फर्मसाठी स्थावर मालमत्ता घेणे किंवा विकणे, फर्मचे खाते स्वतःच्या नावावर काढणे, फर्मचे येणे तडजोडीने सोडून देणे या त्यांपैकी काही. मार्केट यार्डात आडत्याकडून येणारी पट्टी बहुधा माल पोहोचवणाऱ्याच्याच नावाने होते व पैसेही त्याच्याच खात्यात जमा होतात. येथूनच संशयाला सुरुवात होते. फर्मच्या नावाने खाते व फर्मच्या नावाने पट्टी ही सवय पहिल्या तोड्यापासून लावावी. हिशेबाच्या वह्या पाहण्याचा व उतरून घेण्याचा हक्क प्रत्येक भागीदाराला आहे, मग तो धंद्याकडे फिरकत नसला तरी. प्लॅस्टिक कागद किंवा ठिबक संच खरेदी करताना एखाद्याने विक्रेत्याकडून परस्पर कमिशन घेतले, तर ते फर्मचे धरले जाते व त्याला ते परत करावे लागते.

रोजच्या कामातील मतभेद बहुमताने मिटतात. मते माणसांची मोजतात, रुपयांची नाहीत. पण धंद्याचे स्वरूप बदलायचे किंवा नवा भागीदार घ्यायचा तर सर्वांची संमती लागते.

जमीन कोणाची?

जमीनवाल्याने या ठिकाणी विशेष सावध राहावे. आंध्रात दोन कुटुंबांचा भात सडण्याचा व भुईमूग फोडण्याचा धंदा भागीदारीत होता. त्यातील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६६ साली न्यायालयाने सांगितले की, भागीदारीत घातलेली मालमत्ता फर्मची होते. भागीदारी चालू असताना अमुक तुकडा माझा असे भागीदाराला म्हणता येत नाही. त्याचा हक्क नफ्यातील वाट्यावर आणि फर्म मोडल्यावर देणी भागून उरलेल्या रकमेतील हिश्श्यावर असतो.

जागा केवळ वापरायला दिली म्हणून ती फर्मची होत नाही. पक्षांच्या मनात काय होते, हे पाहिले जाते. पण मनातले सिद्ध करण्याची पाळीच का आणावी? ‘गट नंबर अमुक, क्षेत्र दहा गुंठे, मालकी माझीच, फर्मला पाच वर्षे फक्त वापरण्यास दिले आहे’ असे एक वाक्य लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या की प्रश्न मिटतो. पॉलिहाऊसचे अनुदान व कर्ज बहुधा सात-बारा ज्याचा त्याच्या नावाने होते. अनुदान आले तर ते जमीनवाल्याचे भांडवल समजायचे की तिघांचे? कर्जाचा बोजा सात-बारावर चढला, तर हप्ते कोणी फेडायचे? हेही तेथेच लिहावे. भांडणाचे मूळ पुष्कळदा अनुदानात असते, असा अनुभव आहे.

एक जण गेला तर

वेगळे ठरले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने संपूर्ण फर्म विसर्जित होते. त्याची पत्नी किंवा मुलगा आपोआप भागीदार होत नाही. त्यांना हक्क असतो तो हिशेबाचा व वाट्याचा. उरलेल्यांनी हिशेब न करता धंदा तसाच चालू ठेवला, तर वारसांना दोन पर्याय मिळतात. त्यांच्या वाट्याची मालमत्ता वापरून झालेल्या नफ्यातील भाग घ्यावा, किंवा त्या वाट्याच्या रकमेवर ६ टक्के व्याज घ्यावे. हा हक्क विधवा भगिनींना फारच थोड्या ठिकाणी माहीत असतो. दिवसकार्य झाल्यावर घरी येऊन ‘धंद्यात काही राहिले नव्हते’ असे कोणी सांगितले, तर वह्या दाखवा असे म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

‘मृत्यूनंतरही फर्म चालू राहील’ असे कलम करारपत्रात घालता येते, व तिघे किंवा अधिक भागीदार असतील तर ते जरूर घालावे. दोघेच असतील तर त्याचा उपयोग होत नाही. एकटा माणूस भागीदारी कशी चालवणार? एका साखर कारखान्याच्या फर्मच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये हेच स्पष्ट केले आहे.

मुदत ठरवली नसेल तर कोणीही भागीदार इतरांना लेखी नोटीस देऊन फर्म केव्हाही मोडू शकतो. कारण द्यावे लागत नाही. जरबेराची लागवड एकदा केली की दोन-तीन वर्षे फुले देते. पहिला बहर ऐन भरात असताना अशी नोटीस आली तर काय होईल याचा विचार करावा. म्हणून पिकाच्या आयुष्याइतकी तरी मुदत लिहावी, व त्याआधी बाहेर पडायचे झाल्यास किती महिने आधी कळवायचे तेही लिहावे. एका हंगामापुरता आंब्याचा मोहोर किंवा द्राक्षबाग दोघांनी मिळून घेतली असेल, तर तो व्यवहार संपताच भागीदारीही संपते.

नोंदणी आणि महाराष्ट्राचा वेगळा मार्ग

फर्मची नोंदणी केली नाही म्हणून भागीदारी बेकायदा होत नाही. पण नोंदणी नसलेल्या फर्मला करारापोटीची आपली येणी बाहेरच्याकडून दावा लावून वसूल करता येत नाहीत. व्यापाऱ्याने माल नेला व पैसे बुडवले, तर अशी फर्म दारातच अडते. उलट व्यापारी तिच्यावर दावा लावू शकतो. अशा फर्मच्या भागीदाराला कराराने मिळणारे हक्क फर्मविरुद्ध किंवा सहभागीदाराविरुद्ध बजावून घेता येत नाहीत. मूळ कायद्यात एक खिडकी तेवढी उघडी ठेवली होती: फर्म मोडण्यासाठी व मोडलेल्या फर्मचा हिशेब मागण्यासाठी नोंदणी नसली तरी दावा लावता येई.

महाराष्ट्राने १९८४ साली दुरुस्ती करून ही खिडकीही बंद केली. नोंदणी नसेल तर भागीदाराला हिशेबही मागता येणार नाही, असे झाले. लोकांनी नोंदणी करावी हा हेतू चांगला होता. पण ज्याच्या हाती पैसा आणि वह्या, त्याचे फावले. आपल्या उदाहरणातील राबणारा न्यायालयात गेला असता तर ‘फर्म नोंदलेली नाही’ एवढ्या एका वाक्यावर त्याचा दावा गेला असता. सुमारे पंचवीस वर्षे ही स्थिती होती. मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००९ मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरवून रद्द केली. माणसाला स्वतःच्याच मालमत्तेचा हिशेब मागण्यापासून रोखणे योग्य नाही, असा त्याचा आशय होता. त्यामुळे आता महाराष्ट्रातही नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला विसर्जनाचा व हिशेबाचा दावा लावता येतो. जुन्या पुस्तकांत, आणि कधीकधी जुन्या सल्लागारांच्या तोंडीही, अजून जुनाच नियम आढळतो. तो ऐकून कोणी आपला हक्क सोडू नये.

तरीही नोंदणी करणेच शहाणपणाचे आहे, कारण बाहेरच्यावर दावा लावण्याची अडचण कायम आहे. भागीदारी संस्थांच्या निबंधकांचे कार्यालय पुण्यात आहे व अर्ज ऑनलाइन करता येतो. करारपत्र मुद्रांकावर करावे लागते. मुद्रांक शुल्क भांडवलावर अवलंबून असते. फर्मने भागीदाराला दिलेला पगार प्राप्तिकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरला जावा, असे वाटत असेल तर तोही करारपत्रात लिहिलेला असावा लागतो. भागीदारांची संख्या पन्नासच्या वर नेता येत नाही. गावातील शे-दीडशे शेतकरी एकत्र येणार असतील तर त्यांनी सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनीचा विचार करावा. भागीदारांची खासगी मालमत्ता धंद्याच्या देण्यापासून अलग ठेवायची असेल तर २००८ च्या कायद्याने आलेली मर्यादित दायित्व भागीदारी हा पर्याय आहे. मात्र तिचे वार्षिक हिशेब व विवरणपत्रे सादर करण्याचे काम वाढते, आणि बँक वैयक्तिक हमी मागतेच. तेवढ्यापुरते संरक्षण उरत नाही.

करारपत्र वकिलाकडून करून घ्यावे हे उत्तम. ते होईपर्यंत निदान वहीच्या एका पानावर जमीन, भांडवल, उसनी रक्कम व तिचे व्याज, राबणाऱ्याचा दरमहा मोबदला, नफ्याचे प्रमाण, तोट्याचे प्रमाण व मुदत एवढे लिहून तिघांनी तारखेसह सह्या कराव्यात. तोट्याचे प्रमाण नफ्याहून वेगळे ठेवता येते. ‘भांडवलाचा तोटा राबणाऱ्याकडे मागायचा नाही’ असेही लिहिता येते, आणि पैसेवाला समंजस असेल तर तो ते मान्य करतो.

बाहेर पडणाऱ्याने आणखी एक गोष्ट करावी. ‘मी यापुढे भागीदार नाही’ असे सोबत्यांना सांगून भागत नाही. जाहीर नोटीस दिली नाही, तर त्याला भागीदार म्हणून ओळखणाऱ्या दुकानदाराची नंतरची उधारीही त्याच्या गळ्यात पडू शकते. ही नोटीस शासकीय राजपत्रात व जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी वृत्तपत्रात द्यायची असते, आणि फर्म नोंदलेली असेल तर निबंधकांनाही कळवायचे असते. वृत्तपत्राचे ते कात्रण सात-बाराच्या उताऱ्यांबरोबर जपून ठेवावे.